हर्षिताचे नाव रोज पुकारण्यातून मुक्तता मिळणेबाबत

दिनांक : २ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. क्षेत्रशिक्षणाधिकारी साहेब,
क्षेत्रशिक्षणाधिकारी कार्यालय,
करंजखेड तालुका, जिल्हा बिदर.

अर्जदार : श्रीमती सुमती संकर्षण मुधोळकर, प्रभारी मुख्याध्यापिका (व एकमेव शिक्षिका), शासकीय मराठी कनिष्ठ प्राथमिक शाळा, तळवाडी.

विषय : इयत्ता तिसरीतील कु. हर्षिता अमरेश बिराजदार हिचे नाव हजेरीच्या वेळी रोज पुकारण्याच्या सक्तीतून अर्जदारास मुक्त करणेबाबत.

संदर्भ :
१) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. उत्तर नाही.
२) आपल्या कार्यालयाच्या दोन कारणे दाखवा नोटिसा, एकमेकींच्या विरुद्ध.
३) मा. न्यायालयाचा ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश.
४) नागपंचमी.

महोदय,

१. यापूर्वीचे तीनही अर्ज मी नियमाप्रमाणे कन्नडात दिले. ते आपल्या आधीच्या साहेबांच्या काळात आले आणि त्यांच्या बदलीबरोबरच गेले असावेत. एकाचेही उत्तर आले नाही. अर्ज न वाचला जाण्याला भाषा हे कारण नाही, एवढे त्यातून सिद्ध झाल्यामुळे हा चौथा अर्ज मी माझ्या मातृभाषेत करीत आहे. न वाचला गेला तरी निदान लिहिताना मी अडखळणार नाही. आपण नव्याने रुजू झाला आहात. आपल्याविषयी माझी काही तक्रार नाही, अजून.

पहिल्या अर्जात मी मुलीचा दाखला देण्याची परवानगी मागितली होती. दुसऱ्यात म्हटले, परवानगी नसेल तर ‘नाही’ म्हणून लेखी द्या. तिसऱ्यात मुलीला जाऊन भेटण्याची परवानगी मागितली. या चौथ्यात मागणी अगदी बारीक आहे, एक नाव न घेण्याची. माणसाने मागता मागता किती खाली यावे, बघा.

२. सदर विद्यार्थिनी हर्षिता ही आमच्या गावच्या अमरेश शरणप्पा बिराजदार यांची एकुलती एक मुलगी. अमरेश यांचे खटकचिंचोळीच्या बाजारात बी-बियाण्यांचे दुकान आहे. आई सौम्या हिचे माहेर बोरदरा, म्हणजे सीमेपलीकडचे, महाराष्ट्रातले. पलीकडचे म्हणजे फार लांबचे असे साहेबांनी समजू नये. आमच्या शाळेच्या गच्चीवरून त्यांच्या मठाचा कळस दिसतो. आमच्याकडच्या निम्म्या सुना तिकडच्या, आणि तिकडच्या निम्म्या इकडच्या. सीमा आहे ती शासनाला. आम्हाला तिथे एक ओढा लागतो.

मागच्या उन्हाळ्यात नवरा-बायकोत बिनसले आणि सौम्या माहेरी गेली. मुलगी वडिलांकडे, आजी लिंगम्मा यांच्याजवळ राहिली व जूनपासून नियमित शाळेत येत होती. मुलीच्या ताब्यावरून कोर्टात दावा दाखल झाला होता, ही गोष्ट आईने, वडिलांनी, वकिलांनी, कोणीही शाळेला कळवली नाही. गावाला माहीत होते म्हणतात. मी करंजखेडहून रोज बसने येऊन-जाऊन करते, मला गावातले सगळे सगळ्यात शेवटी कळते.

३. आता घटनेविषयी. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेच्या फाटकावर जत्रा भरते. मुराळी येतात. आपण कोणत्या भागातले आहात मला ठाऊक नाही, म्हणून खुलासा करते : सासरी नांदणाऱ्या बहिणीला आणि तिच्या लेकरांना सणासाठी माहेरी न्यायला जो भाऊ येतो, तो मुराळी. तो लाह्या-लाडू घेऊन येतो आणि भाचरांना गाडीवर बसवून घेऊन जातो. गेली तीस-बत्तीस वर्षे मी या दिवशी पोरे मामांच्या हवाली करीत आले. मामाला ‘तुमच्याकडे काय पुरावा’ असे विचारायचे मला कधी सुचले नाही, आणि विचारले असते तर गावाने मला वेड्यात काढले असते.

त्या दिवशी हर्षिताचा मामा प्रशांतकुमार आला. “बाई, पंचमीला लेकराला न्यायला आलो. अक्का वाट बघायली,” एवढेच तो म्हणाला. मी आजीला विचारल्याशिवाय सोडत नव्हते, हे मुद्दाम नमूद करते. तर आजी लिंगम्मा स्वतःच फाटकाशी आल्या. हातात नातीचा नवा परकर, हिरव्या बांगड्या. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी तिची वेणी घातली, बांगड्या भरल्या, आणि मला म्हणाल्या, “जाऊ द्या बाई. मुराळ्याला रिकामं परतवू नये, घराला लागतंय. चार दिसानं येतंय की लेकरू.” मुलगी एवढी नाचत होती की पाटी-दप्तर वर्गातच विसरली. ते आजही माझ्या कपाटात आहे.

चार दिवसांनी लेकरू आले नाही.

४. अमरेश दुकानाच्या मालासाठी बाहेरगावी गेले होते. परतल्यावर थेट शाळेत आले. “बाई, माझं लेकरू मी तुमच्या हवाली केलतो. कुणाच्या हातात दिलाव?” असे त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारले. माझ्याकडे उत्तर होते, पण ते देताना आजीचे नाव घ्यावे लागत होते, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते मला घेववले नाही. पुढे चौकशीत घेतले. तेव्हा लिंगम्मांनी जबाब दिला : “मला काय म्हाइती न्हाई. पोरगी शाळेत व्हती. बाईंनी दिली.”

मला त्या म्हातारीचा राग आला होता. आता येत नाही. तिला त्याच घरात, त्याच लेकाच्या हातचे खाऊन दिवस काढायचे आहेत. जबाब देऊन बाहेर पडताना तिने माझ्याकडे बघितले नाही, पण जाता जाता माझ्या पदराला हात लावला. हे जबाबात कुठे लिहिता येत नाही.

त्यानंतर आपल्या कार्यालयाची पहिली नोटीस आली : अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलीस नैसर्गिक पालकाच्या लेखी संमतीशिवाय तिऱ्हाइताच्या स्वाधीन का केले, याचा खुलासा करावा. कायद्यात नैसर्गिक पालक कोण ते मला आता पाठ आहे. परंतु पंचमीच्या आदल्या दिवशी, लाह्यांची पिशवी घेऊन, आजीच्या देखत उभा राहिलेला मामा हा तिऱ्हाईत असतो, हे मी आयुष्यात प्रथमच त्या नोटिशीत वाचले.

५. श्रावण संपता संपता आई सौम्या शाळेत आली. तिने लेखी अर्ज दिला की मुलीस बोरदऱ्याच्या शाळेत घालायचे आहे, शाळा सोडल्याचा दाखला द्यावा. शिक्षण हक्क कायद्याचे पाचवे कलम असे की मूल राज्यातल्या किंवा राज्याबाहेरच्या दुसऱ्या शाळेत जाऊ इच्छित असेल तर मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावा, उशीर केला तर मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई. हे कलम मी तिच्यासमोर वाचून दाखवले आणि दाखला लिहायला घेतला. तेवढ्यात पोस्टमन वडिलांच्या वकिलाची नोटीस घेऊन आला. दाखला दिल्यास न्यायालयाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल माझ्यावर व्यक्तिशः कारवाई होईल, असा तिचा मजकूर होता.

मी दाखला तसाच हातात धरून आपल्या कार्यालयाला फोन केला. पलीकडून जे मार्गदर्शन मिळाले ते शब्दशः देते : “बाई, देऊ बी नका आन् देत न्हाई म्हणू बी नका.” मी विचारले, मग त्या बाईला सांगू काय? तर फोन ठेवण्यात आला. सौम्या दोन तास ओट्यावर बसून होती. जाताना म्हणाली, “तुमचा काय दोष न्हाई बाई.” त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तरी बरे वाटले असते.

त्यानंतर आपल्या कार्यालयाची दुसरी नोटीस आली : कलम पाचप्रमाणे दाखला तात्काळ का दिला नाही, याचा खुलासा करावा. अशा रीतीने मुलगी दिली म्हणून एक आणि मुलीला जाऊ दिले नाही म्हणून एक, अशा दोन नोटिसा माझ्याकडे आहेत. दोन्हींवर सही एकाच साहेबांची आहे. ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ ही म्हण मी दरवर्षी पोरांना शिकवते. उदाहरण शोधायला मला पूर्वी फार वेळ लागायचा.

६. सप्टेंबरात मा. न्यायालयाचा आदेश झाला की पुढील सुनावणीपर्यंत मुलीचा ताबा व शिक्षण याबाबत ‘जैसे थे’ परिस्थिती ठेवावी. न्यायालयाच्या आदेशावर टीका करण्याची माझी पात्रता नाही आणि इच्छाही नाही. न्यायाधीशसाहेबांनी भांडण वाढू नये म्हणूनच तो केला असणार. परंतु त्या तारखेला परिस्थिती कशी होती? मुलगी बोरदऱ्यात होती आणि नाव तळवाडीत. म्हणजे ‘जैसे थे’ याचा अर्थ असा झाला की लेकराचे अंग तिकडे आणि नाव इकडे, पुढील सुनावणीपर्यंत. सुनावण्या तीन झाल्या. एकदा वकील आजारी, एकदा न्यायाधीशसाहेब रजेवर, एकदा कशामुळे ते कळले नाही.

बोरदऱ्याच्या शाळेतले ज्ञानोबा सर हे सज्जन गृहस्थ. त्यांनी सुरुवातीला मुलीला नुसते वर्गात बसू दिले. कायदा सांगतो, दाखल्यावाचून प्रवेश अडवू नका. पण शासनाचा संगणक सांगतो, जुन्या शाळेने नाव सोडल्याशिवाय नव्या शाळेत चढत नाही. नाव चढले नाही म्हणून पुस्तके नाहीत, गणवेश नाही. ज्ञानोबा सर तिला स्वतःच्या डब्यातले खाऊ घालायचे. तपासणी आली की पोरीला घरी पाठवायचे. मग त्यांनाही वडिलांच्या वकिलाची नोटीस गेली, आणि त्यांनी मला फोन करून सांगितले, “बाई, मला बी लेकरंबाळं हायेत.” दिवाळीनंतर मुलगी घरी आहे. मामाच्या दुकानाच्या पायरीवर बसून असते.

म्हणजे दोन राज्ये, दोन शाळा, दोन वकील, एक न्यायालय आणि शिक्षणाचा मूलभूत हक्क एवढे सगळे पाठीशी असलेले हे बहुधा तालुक्यातले एकमेव मूल असावे. आणि ते पायरीवर बसले आहे.

७. पुढे हजेरीपटाचा प्रश्न निर्माण झाला. हजर लिहावे तर खोटे. गैरहजर लिहावे तर सलग गैरहजर मुलाच्या घरी जाऊन त्यास शाळेत परत आणणे हे माझे कर्तव्य ठरते. घर कोणते? वडिलांच्या घरी गेले तर ती तिथे नाही. आईच्या घरी जायचे तर ते परराज्यात, त्यासाठी मुख्यालय सोडण्याची परवानगी हवी. ती मी मागितली (तिसरा अर्ज). त्यावर तोंडी सांगण्यात आले की मुलीला आणाल तर ‘जैसे थे’चा भंग, आणि न आणाल तर कर्तव्यात कसूर. इकडे आड, तिकडे विहीर असे लोक म्हणतात. त्यांना निदान दोन्हीकडे पाणी तरी असते.

अखेर मार्ग निघाला की तिच्या नावापुढे रोज ‘न्या. प्र.’ म्हणजे न्यायप्रविष्ट असे लिहावे. मी लिहिते. चौकट लहान आहे, अक्षरे बाहेर जातात. मी ते ऑक्टोबरपासून हजेरी भरताना गुपचूप लिहीत होते आणि नाव मात्र पुकारीत नव्हते. तर नोव्हेंबरातल्या भेटीत आपल्या कार्यालयाच्या प्रतिनिधींनी शेरा मारला : “पटावरील प्रत्येक नाव पुकारणे बंधनकारक. सदर नाव वगळल्यास जैसे थे परिस्थितीत बदल केल्यासारखे होईल.” तेव्हापासून मी नाव पुकारते. हाच या अर्जाचा विषय आहे, त्याकडे येतेच.

८. दरम्यान डिसेंबरच्या सुरुवातीला तालुक्याला ‘शिक्षक व शाळा प्रशासकांनी जाणून घ्यावयाचे कायदे’ या विषयावर एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. मला त्याला विशेष आदेशाने पाठवण्यात आले, बहुधा शिक्षा म्हणून. खोटे कशाला बोलू, सकाळचे व्याख्यान उपयोगाचे होते. लेकरावर हात उचलला तर काय, लेकराच्या अंगावर वळ दिसला आणि आपण गप्प बसलो तर काय, सहलीत पोर हरवले तर कोण जबाबदार, हे वकीलसाहेबांनी नीट समजावले. आम्ही जुने शिक्षक कायद्याच्या बाबतीत किती आंधळे आहोत हे मला तिथे कळले आणि लाजही वाटली. मग मी उभी राहून माझा प्रश्न विचारला : एका कायद्याने दाखला तात्काळ द्यायचा आहे आणि एका आदेशाने काहीच हलवायचे नाही, तर मुख्याध्यापकाने काय करावे? आणि तोवर लेकराने काय करावे?

“मॅडम, प्रश्न फार चांगला आहे,” असे म्हणून त्यांनी घड्याळाकडे पाहिले. जेवणात पुरी आणि बटाट्याची भाजी होती.

९. त्या प्रशिक्षणानंतर असा नियम आला की कोणतेही मूल लेखी अधिकारपत्र व ओळखपत्र असलेल्या व्यक्तीच्याच स्वाधीन करावे, आणि नेणाऱ्याची सही घ्यावी. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. शहरात तो लेकरे वाचवत असेल. पण नागूबाई, जिच्या लेकाला मी शिकवले, जिच्या नातवाला मी शिकवते, ती नातवाला न्यायला आली आणि मी तिच्यापुढे शाईचा डबा ठेवला. “कामून? माझ्याच नातवाला न्यायला अंगठा? मी काय चोर हाय व्हय गं बाई?” म्हणाली. अंगठा दिला तिने. पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. पूर्वी शाळा सुटली की बायका फाटकाशी थांबायच्या, कोणाच्या घरी काय चाललेय ते मला तिथेच कळायचे. कोणाच्या घरात भांडण आहे, कोणते लेकरू उपाशी आलेय, सगळे. आता अंगठा देतात आणि निघून जातात. उद्या दुसरी हर्षिता झाली तर मला तीही कळणार नाही.

१०. आता विषय. माझ्या वर्गात पहिली ते पाचवीची मुले एकत्रच बसतात. सकाळी प्रार्थनेनंतर हजेरी होते. नाव घेतले की मूल “हजर बाई” म्हणते. नोव्हेंबरात ज्या दिवशी मी प्रथम “हर्षिता अमरेश बिराजदार” असे पुकारले, त्या दिवशी सगळ्या वर्गाने तिच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. मग तिच्या शेजारी बसणारी यल्लम्मा उभी राहिली आणि म्हणाली, “येणार हाय बाई.” दुसऱ्या दिवशीही तीच म्हणाली. तिसऱ्या दिवशी दोघी-तिघी म्हणाल्या. आता रोज सगळा वर्ग एका सुरात म्हणतो : “येणार हाय बाई.” पहिलीतली जी पोरे तिला नीट ओळखतही नाहीत, तीसुद्धा. तिच्या जागेवर कोणी बसत नाही. मी बसवून पाहिले, उठून जातात.

महोदय, मला हे सहन होत नाही. मी कडक बाई म्हणून ओळखली जाते. वर्गात मी कधी रडले नव्हते. आता मी ‘ह’ जवळ आला की फळ्याकडे तोंड करते आणि नाव फळ्याला ऐकवते. या लेकरांशी मी रोज सकाळी खोटे बोलते असे मला वाटते, कारण ती येणार नाही हे मला माहीत आहे. वर्ष संपत आले. मे महिन्यात मी निवृत्त होते आहे. सुनावणीची पुढची तारीख त्यानंतरची आहे. तोवर ती तिसरीत नापासही होणार नाही आणि पासही होणार नाही, न्या. प्र. राहील. म्हणून विनंती की जाता जाता एवढ्या एका नावातून मला सोडवावे.

वडील अमरेश यांनाही मी हे बोलून दाखवले होते. ते दर महिन्याला शाळेत येतात आणि पट उघडून बघतात. चिडत नाहीत आता, नुसते बोट ठेवून बघतात. म्हणाले, “नाव ऱ्हाऊ द्या बाई. नाव ग्येलं की लेकरू ग्येलं.” इतके महिने मी त्यांना खलनायक समजत होते. बाप आहे तो.

११. येथे मला एक कबुली द्यायची आहे, जी माझ्याविरुद्ध वापरता येईल. डिसेंबरातल्या वेळ अमावस्येला मी मुख्यालय सोडले, परवानगी न घेता, आणि परराज्यात गेले. आमच्याकडे वेळ अमावस्येला गावात चिटपाखरू नसते, सगळे शेतात. कोणीही कोणाच्या शेतात जावे, भज्जी-आंबील खावी, त्या दिवशी परक्याला ‘का आलात’ असे विचारायचे नसते. मी त्या रीतीचा फायदा घेतला. ओढा ओलांडून सौम्याच्या वडिलांच्या शेतात गेले. कोणी काही विचारले नाही. पान वाढले.

हर्षिता ज्वारीत खेळत होती. उंची वाढली आहे. मला पाहून आधी लाजली, मग जवळ येऊन उभी राहिली आणि विचारले, “बाई, माझं नाव घ्यायलाव का हजेरीत?”

मी म्हटले, घेते की.

“मग पोरी काय म्हणतेत?”

मी सांगितले : येणार हाय बाई, म्हणतात.

मग ती एकदम पाढे म्हणू लागली, मी न सांगता. दोनापासून सुरू केले ते बाराच्या पाढ्यापर्यंत, न चुकता. बारा दाहे वीसासे म्हणून थांबली. पंचमीपर्यंत वर्गात तेवढेच झाले होते. “ह्याच्या फुडचं येत न्हाई बाई,” म्हणाली. तर मी तिथे ज्वारीत उभ्या उभ्या तिला तेराचा पाढा शिकवला. परराज्यात, परवानगीशिवाय, न्यायप्रविष्ट असताना, माझ्याच पटावरच्या माझ्याच विद्यार्थिनीला. हा कोणकोणत्या नियमांचा भंग होतो ते मी मोजलेले नाही. कार्यालयाने मोजावे. निघताना तिने आईचा पदर धरून मला विचारले, “उद्या बी घेताव ना?” मी हो म्हटले.

१२. ही कबुली मी या अर्जात केवळ माझी मनःस्थिती कळावी म्हणून लिहायला घेतली होती. पण लिहिल्यावर वाचून पाहिली आणि माझ्याच ध्यानात आले की मी कशापासून सुटका मागते आहे. या मुलीचे आता या शाळेत काय उरले आहे? दप्तर कपाटात आहे, पण ते तिला देता येत नाही. दाखला देता येत नाही. तिला आणता येत नाही, भेटता येत नाही, शिकवता येत नाही. उरले आहे ते एवढेच की सकाळी कोणीतरी तिचे नाव घेते, आणि तिला ते माहीत आहे. आणि ते काढून घ्या म्हणून मी शिक्का मारून अर्ज करते आहे. शाबास माझी!

पुन्हा नव्याने अर्ज लिहिण्याची ताकद माझ्यात नाही, म्हणून वरचा विषय तसाच राहू देते. परंतु विषयात केलेली विनंती मी येथे मागे घेते. नाव मी घेईन. सुट्टी लागेपर्यंत रोज घेईन, मुलांकडे तोंड करून घेईन.

दाखल्याचे काही होईल अशी आशा मला नाही. साहेब वाईट आहेत म्हणून नव्हे. या सगळ्यात वाईट असे कोणीच नाही, म्हणूनच आशा नाही. तेव्हा एकच मागते. माझ्यानंतर या शाळेवर जो कोणी येईल, कायमचा, प्रभारी, कंत्राटी, कोणीही, त्याला लेखी आदेश द्यावा की पट बदलला, वर्ग बदलला तरी हे नाव नव्या पटावर उतरवून घ्यावे आणि रोज पुकारावे. आणि नाव घेतल्यावर लगेच पुढच्या नावाकडे जाऊ नये, थोडे थांबावे. मुले उत्तर देतात.

आपली नम्र, आणि मे अखेरपर्यंत तरी हजर,

(सही)
सुमती संकर्षण मुधोळकर
प्रभारी मुख्याध्यापिका

सोबत :
१) दोन्ही कारणे दाखवा नोटिसांच्या प्रती.
२) मा. न्यायालयाच्या आदेशाची प्रत.
३) कायदेविषयक प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र.
४) कु. हर्षिता अमरेश बिराजदार हिचा शाळा सोडल्याचा दाखला. पूर्ण भरलेला, माझ्या सही-शिक्क्याचा. तारीख तेवढी कोरी ठेवली आहे. ज्या दिवशी कोणाला घालता येईल, त्याने त्या दिवशी घालावी.